दोन कुझ्मा आणि एक मणी

मी एक प्रतिपिंड, म्हणजे तुमच्या भाषेत अँटिबॉडी, बोलतोय. आधीच शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे; सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आता तुम्ही विचाराल, प्रतिपिंडाला डोळे कुठून आले? नाहीत. कानही नाहीत. तेव्हा पाहिलं म्हणण्यापेक्षा रक्तातून कळलं म्हणा. माणूस घाबरला की रक्त धावतं, चिडला की कानशिलात चढतं, लाजला की गालात जमतं. एवढ्यावरून बाकीचं जुळवता येतं. म्हणजे शब्द न् शब्द खरा, एक जागा सोडून. ती कोणती, हे आत्ताच सांगायला मी काही तुमच्यासारखा उतावळा नाही.

माझी ओळख करून द्यायला हवी, कारण तुम्हाला ती असणार नाही. तुमच्या अंगात माझे कोट्यवधी भाऊबंद राहतात. पण तुमचं कसं, शेजारच्या घरात काय शिजतंय ते वासावरून ओळखता आणि स्वतःच्या रक्तात काय शिजतंय याचा पत्ता नसतो.

दिसायला मी गलोलीच्या बेचक्यासारखा. वर दोन हात, खाली दांडा. दोन हातांनी विषाणूची मानगूट धरायची आणि दांड्याकडून हाक मारायची, की या रे, चोर सापडलाय. मग रक्तातल्या खादाड पेशी येतात आणि त्याला गिळून टाकतात. या दांड्याच्या कमरेला साखरेच्या मण्यांची एक बारीकशी माळ असते. चहातली साखर नव्हे, तिच्या लांबच्या चुलतबहिणी. माळेच्या अगदी मुळाशी एक मणी असतो. तो असला की आमची हाक बेताची निघते. तो नसला की आम्ही अशी बोंब ठोकतो, की खादाड पेशी चोर सोडून घरालाच आग लावतात. थोडक्यात, तो मणी म्हणजे आमच्या तोंडाचं मुसकं.

माझ्या कमरेला तो मणी नव्हता.

माझा जन्म कुझ्मा झानेतिच नावाच्या माणसाच्या प्लीहेत झाला, आद्रियातिक समुद्रातल्या एका बेटावर, साथीच्या दुसऱ्या हिवाळ्यात. मला घडवणारी पेशी सेकंदाला दोन हजार नग काढत होती. तुमच्याकडे मूल झालं की पेढे वाटतात. आमच्याकडे वाटायचे म्हटलं असतं तर हलवाई पळून गेला असता. त्या घाईत मणी राहून गेला. एकदा राहिला, दोनदा राहिला, मग ती रीतच पडली. माणसांच्या कारखान्यात असं झालं की चौकशी बसते. आमच्यात असं झालं की माणूस आडवा होतो.

या बेटावर नऊशे माणसं आणि सहा आडनावं आहेत. त्यात पहिल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची पक्की चाल. झानेतिच आजोबा एक, त्यांचे मुलगे दोन, म्हणून नातू झाले दोन कुझ्मा झानेतिच, एकाच वर्षी, तीन आठवड्यांच्या अंतराने. कागदावर दोघांत फरक नाही, आणि तो असायची इथे कुणाला गरजही वाटत नाही. कागदावरच्या नावाने इथे फक्त टपाल येतं. बाकी प्रत्येकाला गावाने दिलेलं नाव असतं. माझा कुझ्मा म्हणजे सुकट: लांब, हडकुळा, खारवून वाळवल्यासारखा. दुसरा म्हणजे पिंप. त्याचं वर्णन नावातच उरकलं.

दोघं एकाच गल्लीत समोरासमोर राहायचे आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण ऐका आणि माणसाच्या अकलेला नमस्कार करा. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी या बेटावर क्रूसाची मिरवणूक निघते. क्रूस खांद्यावर घेऊन अनवाणी चालायचा मान वर्षाला एकालाच, आणि त्याची नोंद चर्चच्या वहीत चाळीस-चाळीस वर्षं आधी करून ठेवतात. आजोबांनी या वर्षासाठी नोंद केली होती: ‘माझा नातू, कुझ्मा झानेतिच.’ कोणता नातू, ते लिहिलं नाही. विचारायच्या आत म्हातारा वारला. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं. तेव्हापासून दोन धट्टेकट्टे पुरुष एका लाकडासाठी एकमेकांकडे पाठ करून मासळी साफ करत बसले.

फेब्रुवारीत दोघांनाही ताप आला, त्याच आठवड्यात.

“अंग तापलंय तुझं,” सुकटाची बायको पेरिना म्हणाली.

“वारा लागला.”

“कुठला वारा?”

“खिडकी उघडी होती आणि दारही. समोरासमोर. मी मधून गेलो.”

“मधून कशाला गेलास?”

“कॉफी पलीकडे होती.”

यावर पेरिनाने खिडकी लावली, दार लावलं, आणि द्राक्षाच्या दारूत बुडवलेले मोजे नवऱ्याच्या पायांत चढवले. या बेटावर दात दुखण्यापासून सून पळून जाण्यापर्यंत सगळ्याचं कारण एकच: दोन खिडक्यांमधला वारा. खिडकी लागलेली पाहून विषाणू हादरला असेल असं वाटतं का तुम्हाला? मी तिथेच होतो. तो खो खो हसला. विषाणूबद्दल मला आदर आहे असं समजू नका. स्वतःचं घर नाही, पोट नाही, दुसऱ्याच्या चुलीवर स्वतःची पोरं शिजवणारा फुकट्या तो. पण मोज्यांचं पाहून मीही त्याच्याबरोबर हसलो.

पाचव्या दिवशी दवाखान्यात रक्त घ्यायचं ठरलं. राजधानी झाग्रेबच्या एका प्रयोगशाळेला तापातल्या माणसांचं रक्त हवं होतं. आमच्या कमरेच्या माळा बघून कुणाचा आजार बळावेल ते आधी सांगता येतं का, हे त्यांना पडताळायचं होतं. बेटाची नेहमीची डॉक्टर आणि तिची परिचारिका, दोघी स्वतःच तापाने पडल्या होत्या. ती परिचारिका प्रत्येक नळीच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘सुकट’, ‘पिंप’, ‘बोकड’, ‘विधवा धाकटी’ असं लिहायची. बेटाचं सगळं वैद्यक त्या कोपऱ्यावर चालायचं. तिच्या जागी आलेली बदली डॉक्टर, सेंका तिचं नाव, राजधानीतून आलेली आणि नीटनेटकी. तिने नाव, आडनाव, जन्मसाल लिहिलं आणि कोपरा कोरा ठेवला.

तो ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला शुक्रवार होता; त्या दिवशी मांस वर्ज्य. सुकट काळ्या कॉफीवर आला. पिंप आला तो तोंड पुसत.

“उपाशी पोटी यायला सांगितलं होतं,” सेंका म्हणाली.

“उपास मला डॉक्टरांनीच मना केलाय, डॉक्टरीणबाई. माझी साखर उतरते.”

“मग काय खाल्लंत?”

“डुकराची चरबी. तळलेली. तिच्यात साखर नसते, मी विचारून घेतलंय.”

रांगेत पेरिना उभी होती. पिंपाशी बोलणं बंद असल्यामुळे ती भिंतीला म्हणाली, “शुक्रवारी! उपासात! आणि म्हणे क्रूस उचलायचाय.”

पिंपही भिंतीलाच म्हणाला, “क्रूस उचलायला अंगात मांस लागतं. वाळत घातलेल्या मासळीचं ते काम नाही.”

भिंत काही बोलली नाही. त्या खोलीत अक्कल असलेली तीच.

झाग्रेबला माझ्या काही भावांच्या माळा कापून घेतल्या, रंगवल्या, केसासारख्या नळीतून पळवल्या आणि पडद्यावर आलेखाचे डोंगर काढले. ते डोंगर बघून ही माणसं सांगतात, कुणाच्या रक्तात मुसकं नसलेली जास्त आहेत. हे त्यांना जमतं, माझा नाइलाज आहे. जमत नाही ते एवढंच: डोंगर कुणाचा आहे हे सांगणं.

सोमवारी सकाळी सेंकाला फोन आला.

“तुमच्याकडून एकाच नावाच्या, एकाच सालाच्या दोन नळ्या आल्यात,” तिकडचे गृहस्थ म्हणाले. “एकीत काळजीचं काही नाही. दुसरीत मुळाचा मणी नसलेले प्रतिपिंड भलतेच जास्त आहेत. हा माणूस दोन दिवसांत गंभीर होऊ शकतो. त्याला मोठ्या इस्पितळात हलवा.”

“पण दोघांपैकी कोण?”

“ते तुम्ही सांगायचं. नळ्या तुम्ही भरल्यात.”

सेंकाने गल्लीत येऊन पाहिलं. एका खिडकीत पिंप, दोन उशांना टेकून, बेटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा खोकत होता. लठ्ठ, मधुमेही, घामाने भिजलेला. समोरच्या दारात सुकट जाळं शिवत होता.

“तुम्हाला कसं वाटतंय?” तिने सुकटाला विचारलं.

“उत्तम. वारा लागला होता, गेला.”

झालं. तिने पिंपाचं नाव लिहिलं. गावानेही मान डोलावली, आणि सगळ्यात जोरात सुकटाने. “मी म्हणतच होतो, पिंपाचेच बारा वाजणार,” असं तो म्हणाला आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला. “हा जिना उंच झालाय,” असंही म्हणाला.

जिना उंच झाला नव्हता. मी त्याच्या फुप्फुसात होतो. आम्ही बोंब मारत होतो, खादाड पेशी धावत होत्या, आणि जिथे हवा भरायची तिथे पाणी भरत होतं. या आजाराची खोड अशी, की आत घर बुडत असतं आणि मालक बाहेर बसून जाळं शिवतो. मी काय केलं, विचारता? बोंब मारली. मला दुसरं काही येत नाही. एका मण्यासाठी मी माझ्याच मालकाचा गळा घोटत होतो आणि तो वाऱ्याला शिव्या देत होता.

इकडे गावभर बातमी पसरली, की पिंपाच्या रक्तातली साखर कमी पडलीय. कमरेची माळ, मुळाचा मणी वगैरे वाटेत गळून गेलं. साखर तेवढी उरली. दुपारपर्यंत त्या मधुमेही माणसाच्या उशाशी अंजिराचा मुरंबा, मध, साखरेत घोळवलेले तळलेले गोळे, आणि पाद्रीबाबांकडून एक अख्खा केक जमला. पिंपाने कुणाचं मन मोडलं नाही. सेंका आली तेव्हा तो तिसऱ्या ताटावर होता.

“हे काय चाललंय?”

“उपचार,” पिंप म्हणाला.

मंगळवारी सकाळी रुग्णबोट धक्क्याला लागली. दुपारपासून बुरा सुटणार होता. बुरा म्हणजे आमच्याकडचा ईशान्येचा वारा; तो सुटला की तीन दिवस बोट नाही. बोटीत खाट एक, प्राणवायूची टाकी एक. नावाडी आधीच म्हणाला, “एक आजारी न्यायचा. दुसरा चढवलात तर मी उतरतो.”

पिंपाला चौघांनी उचलून खाटेवर घातलं. अर्धं गाव धक्क्यावर जमलं. सुकटही आला, पीडा जाताना पाहायला. दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसला. ओठ निळे पडले होते. “थंडी आहे,” तो म्हणाला.

नावाड्याला कागद लागतो. सेंकाच्या फोनवर तेवढ्यात प्रयोगशाळेचा लेखी अहवाल आला होता, तो ती त्याला मोठ्याने वाचून दाखवू लागली. “कुझ्मा झानेतिच. नमुना पहिला, धोका जास्त. रक्तद्रव स्वच्छ, पारदर्शक. त्याच नावाचा नमुना दुसरा, धोका कमी. रक्तद्रव चरबीमुळे दुधासारखा पांढरा...”

“थांबा,” पेरिना म्हणाली. ती पुढे आली. “पुन्हा वाचा. धोक्याचं कसं आहे?”

“स्वच्छ.”

“स्वच्छ?” पेरिनाने खाटेकडे बोट दाखवलं. “बाई, या माणसाचं रक्त बाप्तिस्म्यानंतर कधी स्वच्छ राहिलेलं नाही. चरबी खाऊन आला होता तो, तुमच्यासमोर! माझा कॉफीवर होता.”

सेंकाने फोनकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, आणि मग खुंटावरच्या सुकटाकडे. ती धावली. चिमट्यासारखं यंत्र तिने त्याच्या बोटाला लावलं. त्यावर शंभराच्या जवळ असायला हवा तो आकडा एक्क्याऐंशी आला. तिने दुसऱ्या बोटाला लावलं. अठ्ठ्याहत्तर.

“हे मशीन बिघडलंय,” सुकट म्हणाला. “मला काही होत नाहीये.” आणि तो खुंटावरून कलला. पेरिनाने त्याला काखेत हात घालून सावरलं.

“खाट रिकामी करा!” सेंका ओरडली.

नावाडी म्हणाला, “मला कोणताही कुझ्मा चालेल, पण दहा मिनिटांत. तिकडे समुद्र पांढरा होतोय.”

सगळे पिंपाकडे बघायला लागले. पिंपालाही ताप होता, हे विसरू नका. त्यालाही खोकला होता, त्यालाही तीन दिवस बोट मिळणार नव्हती. तो खाटेवर कोपरावर टेकून उठला. अकरा वर्षांनी पहिल्यांदा तो भिंतीशिवाय बोलला.

“उतरतो,” तो म्हणाला. “पण क्रूस माझा. इथे, सगळ्यांसमोर म्हणू दे त्याला.”

“मेलो तरी नाही,” सुकट म्हणाला. श्वास पुरेना, म्हणून तीन शब्दांना तीन वेळा थांबला.

“मरशीलच, मूर्खा!” पेरिना म्हणाली. मग पिंपाकडे वळली. “क्रूस तुझा. मी सांगते. वहीत मी लिहून देते. लाकूड तू घे आणि माझा नवरा मला दे. आता ऊठ तिथून.”

पिंप उठला. सुकट चढला. बोट सुटली.

पाहिलंत? ही तुमची जात. श्वासाला महाग झालेला माणूस खुंटावर, वारा डोक्यावर, आणि सौदा चाललाय लाकडाचा. मला लोक दोष देतात, की याने मालकाचं फुप्फुस बुडवलं. मी बुडवलं ते एका मण्यावाचून. तुमच्याकडे तर सगळे मणी जागच्या जागी आहेत.

पुढचं थोडक्यात. मुख्य भूमीवरच्या इस्पितळात सुकटाला नाकावर प्राणवायू लावला आणि सूज उतरवणारं औषध दिलं. त्या औषधाने खादाड पेशींना आवर घातला; आम्ही बोंबलत राहिलो, पण धावून येणारं कुणी उरलं नाही. बारा दिवस मी तिथे त्याच्या अंगात होतो. दोन दिवस फार वाईट गेले, ते मी सांगणार नाही. बाराव्या दिवशी त्याने पेरिनाला फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, की खिडकी लावलीस का. तेव्हाच मला कळलं, हा जगणार. पिंप घरी आठ दिवस खोकला आणि मुरंबा संपवून बरा झाला, हेही त्याच फोनवर ऐकलं. क्रूस शेवटी कुणी उचलला ते मला ठाऊक नाही. कारण त्याच दिवशी सुईने मला बाहेर काढलं.

आता मी झाग्रेबला आहे, उणे ऐंशी अंशांवर, एका बर्फाळ कपाटात. माझ्या खाली चारशे नळ्या, वर सहाशे. एरवी माझं आयुष्य तीन-चार आठवड्यांचं. इथे मला मरूही देत नाहीत. कधीतरी कुणी वितळवील, माझी माळ कापील आणि पडद्यावर माझा डोंगर काढील. काढू दे. एकच मागणं आहे, आणि ते मागताना मला माझीच लाज वाटते: नळीवरचा कोपरा कोरा सोडू नका. त्यात माणूस कोणता, ते लिहीत जा.

आणि ती एक जागा. ती कबूल करतो आणि गप्प बसतो.

पिंपाने अट घातलीच नव्हती. ती मी रचली. इथे बर्फात पडल्या पडल्या मी हे सगळं पुन्हा पुन्हा जुळवलं, आणि तो धक्का काही केल्या माझ्या गोष्टीत बसेना. अट घातली की नीट बसतो. तुम्हीही लगेच विश्वास ठेवलात, बघा.

झालं ते असं. सेंकाने आकडा वाचला आणि ‘खाट रिकामी करा’ म्हणायच्या आतच पिंप उतरला होता. एका पायात मोजा, दुसरा अनवाणी, अंगात ताप. पेरिनाने क्रूस देऊ केलाच नाही. तिला बोलायला वेळच मिळाला नाही. पिंप खोकत खोकत खुंटापाशी आला, वाकला, आणि त्याने चुलतभावाच्या काखेत हात घातला. वारा सुटायला लागला होता.

“पायाकडून धर गं,” तो पेरिनाला म्हणाला. “डोकं मी घेतो. रिकामं आहे, पण जड आहे मेल्याचं.”

सुकटाचं रक्त तेव्हा चेहऱ्याकडे धावलं. लाजेने की हसण्याने, मला नक्की कळलं नाही. रक्तातून तेवढं कळत नाही.